उकंडराव आणि नियम बारा

यवतमाळ जिल्ह्याला चहा प्यायला शिकवण्यासाठी एका मोठ्या चहा कंपनीने जो माणूस नेमला होता, तो स्वतः चहाचा थेंब तोंडात घालत नसे. त्यांचं नाव उकंडराव. बाजाराच्या दिवशी ते दीडदोनशे लोकांना आपल्या हाताने चहा पाजायचे. कुणी अर्धा कप टाकला तर घरचं माणूस ताटावरून उठून गेल्यासारखे कासावीस व्हायचे. आणि सगळं आटोपलं की तांब्यातलं गार पाणी घटाघटा पिऊन मिशा पुसायचे. "उकंडराव, तुम्हीपण घ्या की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं.

"नाही जमत बाप्पा. कंपनीचा नियम सहा. पाजनाऱ्यानं प्याचं नाही."

कंपनीचे एकंदर एकतीस नियम होते आणि ते सगळे त्यांना पाठ होते. सकाळी गाडीत आधी कोणता पाय टाकायचा इथपासून ते शिंक आली तर किटलीपासून किती पावलं मागे सरायचं इथपर्यंत. हे नियम कंपनीच्या हिरव्या पुठ्ठ्याच्या एका इंग्रजी पुस्तकात होते. ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांसोबत, धुतलेल्या फडक्यात बांधलेलं असे. बाजारात टेबल मांडलं की उकंडराव ते काढून कोपऱ्यात ठेवत. उघडत मात्र नसत. नियम सांगताना त्यावर नुसता तळहात टेकवायचे.

नावाचंही ऐकून ठेवा. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून चौथ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचलून घरात आणलं आणि उकंडा म्हणून हाक मारली. नाव इतकं टाकाऊ की यमानेही दुसरीकडे बघावं. कलकत्त्याच्या ऑफिसला हे कुठून कळणार? त्यांच्या कागदावर हे मिस्टर यू. राव होते, आणि राव म्हणजे मद्रासकडचा असणार अशी तिकडे कुणाची तरी पक्की समजूत झाली होती. एकदा तमिळमध्ये छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे आले. उकंडरावांनी ती तीन बाजारांत बिनदिक्कत वाटून टाकली. "लोकाईले कागद पायजे," ते मला म्हणाले. "वाचते कोन?"

या माणसाच्या हाताखाली मी सबंध एक वर्ष काढलं. एकसष्ट साल. अमरावतीला मी कॉमर्स शिकत होतो आणि आमच्या प्राध्यापकांनी एक नवीन टूम काढली होती. शेवटच्या परीक्षेला बसण्याआधी प्रत्येकाने वर्षभर एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करायचं, अहवाल लिहायचा आणि वरिष्ठाच्या सहीचा दाखला आणायचा. दाखला नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष वाया. बाकीच्या मुलांचे काका-मामा होते. कुणी गिरणीच्या ऑफिसात गेला, कुणी विमा कंपनीत पंख्याखाली जाऊन बसला. माझे वडील यवतमाळच्या एका जिनात कापसाचे बोजे वाहत, त्यामुळे आमचा वशिला बोज्यांपर्यंतच पोचत होता. शेवटी प्राध्यापकांनीच चहा कंपनीला पत्र लिहिलं आणि मला माझ्याच गावच्या डेपोत पाठवलं. मला वाटलं होतं टेबल मिळेल, टाइपरायटर मिळेल. मिळाली ती एक निळी मोटारगाडी, एक स्टो, चोवीस कप, युसूफभाई नावाचा अबोल ड्रायव्हर आणि उकंडराव.

आम्ही छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेली माणसं. घरात सगळ्यांची मान आता ताठ होती, पण आईचा बाहेरच्या जगावर अजून भरवसा बसलेला नव्हता. पहिल्या दिवशी तिने माझ्या पिशवीत जर्मनचा एक गिलास टाकला. जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम.

"राहू दे जवळ," ती म्हणाली. "तथी चायचाच धंदा हाय. कपात देतीन न देतीन. भांडत बसू नोको, तुले वर्ष काढा लागते."

मी चिडलो. पण गिलास पिशवीतून काढूनही ठेवला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

डेपोच्या दारातच उकंडरावांनी पिशवी तपासली. मे महिन्याच्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, त्यावर कंपनीचा पितळी बिल्ला, आणि भुवया मिशांपेक्षा दाट. त्यांनी गिलास दोन बोटांनी वर काढला.

"हे काय होय?"

"माझा आहे. पाण्यासाठी," मी म्हणालो.

"कंपनीच्या गाडीत परकं भांडं चालत नाही. नियम बारा. तुमी कालेजवाले, तुमाले सांगा लागते काय?"

आणि गिलास जप्त झाला. त्याच दिवसापासून तो स्टोच्या पिना आणि मोजायचा चमचा ठेवायच्या कामी लागला. मला राग आला तो गिलासाचा नाही. आता हा माणूस मला कशात चहा देतो ते बघूच, असं मी मनात धरून बसलो. दुसरी गोष्ट त्या 'तुमी'ची. पन्नाशीचा माणूस वीस वर्षांच्या पोराला तुम्ही म्हणतो, याचा अर्थ तो लांब ठेवतोय, असं मला वाटलं. विचारल्यावर उत्तर आलं, "नियम तीन. कंपनीत अरे-तुरे नाही." ते युसूफभाईलाही तुम्ही म्हणत आणि डेपोच्या आवारात शिरलेल्या शेळीलाही, "जरा बाजूले व्हा."

पहिल्या बाजारी त्यांनी मला कप दिला. रांगेतला मधला कुठलातरी. मी तो उलटसुलट करून पाहिला. कुठे टवका उडालाय का, तळाला रंगाचा ठिपका आहे का. महिनाभर मी हेरगिरी केली. पण चोवीसही कप पांढरे, निळ्या काठाचे, एकाच पातेल्यात उकळून निघणारे. कोणता कोणाचा हे देवालाही सांगता आलं नसतं. मग मला नवीन शंका आली. हा गृहस्थ चहा पीत नाही तो यामुळेच तर नसेल? कप सगळ्यांचे म्हणून? ही शंका मी फार दिवस जपली. शंका जपण्यात मी तेव्हा हुशार होतो.

उकंडरावांच्या चहाची मोठी गंमत म्हणजे पाच मिनिटं. आमच्याकडे चहा म्हणजे पाणी, साखर, पत्ती, दूध सगळं एकत्र घालून रंग लाल होईस्तोवर उकळायचं. कंपनीचं म्हणणं, उकळतं पाणी किटलीतल्या पत्तीवर ओता, झाका आणि पाच मिनिटं थांबा. दूध-साखर नंतर. उकंडराव किटलीला कापूस भरलेलं टोपडं घालत, खिशातलं घड्याळ काढत आणि हात वर करत. त्या पाच मिनिटांत कोणी बोलायचं नाही. नियम अठरा.

"बोल्लं का चाय बिघडते," ते सांगत. आणि बिघडते म्हटल्यावर फुकटच्या चहासाठी थांबलेले पन्नास-साठ लोक खरोखर गप्प बसायचे. कळंबच्या बाजारात आमच्या शेजारी बैलांचा सौदा चाले. इतर दुकानदारांची त्या पाच मिनिटांत पंचाईत व्हायची. बैलवाले तेवढे निवांत, कारण त्यांची घासाघीस रुमालाखाली बोटं दाबूनच चाललेली असे. एकदा युसूफभाईला उचकी लागली. उकंडरावांनी काही न बोलता भरलेली किटली मातीत ओतली, पुन्हा पाणी चढवलं आणि पुन्हा हात वर केला. युसूफभाई ती दुसरी पाच मिनिटं गाडीच्या मागे, नाक दाबून, उकिडवा बसला होता.

मला ही पाच मिनिटं कधी जमली नाहीत. मी चुळबुळायचो, घड्याळात डोकवायचो, शेवटी "झाली का?" म्हणायचो. "तुमचे पाच मिनिटं कच्चे हाय," उकंडराव म्हणायचे. दाखल्याचा छापील कागद मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर ठेवला होता. तोही त्यांनी पेटीत बंद केला. "पक्के झाले का सही."

पण बाजारात लोकांच्या तोंडी असायचा तो नियम बारा. बाभुळगावला एकदा एक म्हातारी लांब, लिंबाखाली उभी होती. आमच्याच लोकांतली. उभं राहण्यावरून मला कळलं. हातात जर्मनची वाटी, वाटी पुढे आणि पदर मागे.

"बाई, वाटीत चाय नाही देता येत," उकंडरावांनी टेबलावरूनच ओरडून सांगितलं. "कंपनीची चाय कंपनीच्याच कपात. रांगीत येईन त्याले."

"म्या रांगीत उभी राहू?"

"उभं राहा लागते."

"आन कप कोन्ता?"

"हातात येईन थो."

म्हातारीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग वाटी कमरेला खोचून रांगेत येऊन उभी राहिली. तिच्या पुढचा माणूस थोडा पुढे सरकला, मागचा मागे. मधे जागा झाली. उकंडराव म्हणाले, "नियम तेरा. रांगीत फट पडू द्याची नाही." हा तेरावा नियम मी त्याआधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही कधी ऐकला नाही.

त्याच दिवशी एका बड्या घरचा गडी चांदीचा पेला घेऊन आला. मालक गाडीत बसलेत, यात भरून द्या. उकंडरावांनी पेला न्याहाळला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. नियम बारा. मालकांना रांगेत येऊन कप घ्यावा लागेल. मालक काही आले नाहीत. तेव्हा माझं मत असं झालं की हा माणूस चांगलाही नाही आणि वाईटही नाही. हा नुसता नियमवाला आहे. कंपनीने उद्या उलटं उभं राहून चहा ओता म्हटलं तर हा उलटा उभा राहील.

भाद्रपदात उकंडरावांना हिवताप आला. डेपोच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहत. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही. खोलीत एक खाट, एक कंदील आणि भिंतीवर कंपनीची जुनी कॅलेंडरं, तारखा संपल्या तरी न काढलेली. मी आणि युसूफभाई आळीपाळीने पेज नेऊन देत होतो. मला अहवालासाठी कंपनीची कार्यपद्धती लिहायची होती आणि पुस्तकाला त्यांनी तोवर हात लावू दिला नव्हता. तापात त्यांनी किल्ली दिली. "हात धुऊन घेजा," एवढंच म्हणाले.

मी हात धुऊन पुस्तक उघडलं. सत्तावीस पानं. पहिल्यांदा मी भरभर वाचलं, मग सावकाश, मग बोट ठेवून. पाणी उकळायचं होतं. पाच मिनिटं होती, पण त्यात गप्प बसायचं नव्हतं, उलट तेवढ्या वेळात लोकांना कंपनीची माहिती सांगत राहावं असं होतं. शिंकेचं काही नव्हतं. अरे-तुरेचं नव्हतं. एकतीसपैकी कसेबसे सात नियम सापडले. पाजणाऱ्याने पिऊ नये, हे तर नव्हतंच. पहिला कप प्रचारकाने सर्वांदेखत स्वतः प्यावा आणि तो आवडल्याचं चेहऱ्यावर दाखवावं, असं स्पष्ट छापलं होतं.

आणि नियम बारा? त्या जागी लिहिलं होतं की काही ठिकाणी लोक आपापली भांडी आणतात, स्थानिक रीतभात सांभाळून त्यांना त्यांच्याच भांड्यांत आनंदाने चहा द्यावा, कुणाला दुखवू नये.

मी पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं. उकंडरावांना इंग्रजी येत नव्हतं, हे मला माहीत होतं. मराठी चौथी झालेली. म्हणजे कुण्या दुभाष्याने त्यांना चुकीचं सांगितलं होतं, की त्यांनी स्वतःच रचलं होतं? तापातल्या माणसाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. अहवालात मी ते सात नियम लिहिले आणि बाराव्याबद्दल गप्प बसलो. ती माझी पहिली पक्की पाच मिनिटं म्हणायला हवीत.

चैत्र उजाडला. वर्ष भरायला पंधरा दिवस राहिले, दाखला अजून पेटीत. आणि बाभुळगावच्या पुढे एका गावच्या बाजारात आमची वाट अडली. गावाचं नाव सांगत नाही, तिथे आता माझे साडू राहतात.

तिथे वासुदेव नावाच्या एकाचं हॉटेल होतं. आत बाकं आणि कप, बाहेर फळीवर उपडे घातलेले दोन बिनकानाचे कप, आमच्या लोकांसाठी. वासुदेव आला तो एकटा नाही, गावच्या पाटलांना घेऊन. मागे तीसेक माणसं.

"उकंडराव, तुमच्या फुकट चायचं मले काई नाही," वासुदेव म्हणाला. "पन आता थे लोक हाटेलात आत येऊन बसतो म्हनते. म्हनते, कंपनीच्या कपात पेतो तं तुह्या कपात काहून नाही? हे खूळ तुमी घालून देलं."

"म्या नाही. कंपनीनं. नियम बारा."

"दाखवा कुठं हाय थो नियम," पाटील म्हणाले. "लिहून असन तं आमी गप्प जातो. नसन तं आजच कंपनीले कागद धाडतो, का तुमचा मानूस गावात भांडनं लावून राह्यला. मंग तुमी आन हे तुमचे कालेजवाले बसा घरी."

उकंडरावांनी नेहमीप्रमाणे पुस्तकावर तळहात टेकवला. या वेळी तेवढ्याने भागलं नाही. पाटील म्हणाले, "उघडा." उकंडरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुस्तक उचललं, फडकं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"वाचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

रांगेत आमची वीसेक माणसं होती. पुढच्या बाईच्या हातात आधीच कप होता, रिकामा. माझा दाखला, माझी परीक्षा, उकंडरावांची नोकरी, सगळं त्या सत्तावीस पानांत होतं, आणि पानं आमच्या विरुद्ध बोलत होती. मी चौदावं पान उघडलं. त्यावर किटलीच्या आतून चुन्याचा थर चढल्यास तो कसा काढावा, याची सविस्तर माहिती होती. ती मी खड्या आवाजात इंग्रजीत वाचली. व्हिनेगर शब्द आला तिथे आवाज जरा चढवला. मग पुस्तक मिटून अर्थ सांगितला: कंपनीचा चहा फक्त कंपनीच्या कपात द्यावा, येईल त्याला, येईल त्या क्रमाने. जो कप हाती येईल तो घ्यावा. यात फरक करणाऱ्या गावात कंपनीने पुन्हा जाऊ नये.

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. तसं सगळंच माझ्या पदरचं होतं.

लोक माना डोलवायला लागले, आणि तेवढ्यात पाटील म्हणाले, "मास्तर, पाहा बरं."

गर्दीत गावच्या शाळेचे मास्तर होते, इंग्रजी येणारे. मास्तर पुढे आले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि चौदावं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. चुनखडीपाशी थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं, सावकाश, एकेकाला पाहिल्यासारखं.

"इंग्रजी जरा जुनं आहे," ते म्हणाले. "पण अर्थ हाच. पुढचं वाक्य तर याहून कडक आहे, ते या मुलाने संकोचाने सोडलं."

पाटील पागोटं सारखं करत निघून गेले. त्यांनी चहा घेतला नाही, पुढेही कधी घेतला नाही. वासुदेव तोंड उघडणार तोच उकंडरावांनी किटलीवर टोपडं घातलं, घड्याळ काढलं आणि हात वर केला. वासुदेवाला पाच मिनिटं गप्प उभं राहावं लागलं. नंतर त्यालाही कप मिळाला, रांगेतली ती पुढची बाई आणि मास्तर यांच्या मधला.

परतताना कळंबच्या अलीकडे आंब्याखाली उकंडरावांनी गाडी थांबवायला सांगितली. उन्हं कलायला लागली होती. युसूफभाई पाय मोकळे करायला गेला. उकंडराव पायरीवर बसले.

"तुमी वाचलं थे," ते म्हणाले, "लिहून हाय का खरंच?"

"नाही."

"मंग काय लिहून हाय तथी?"

"किटलीले चुना चढला तर काय कराचं."

त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. डोळे पुसत ते म्हणाले, "मले वाटेच, का नसन. पन कधी कधी वाटे, असनही. एवढं मोठं पुस्तक. कोनीतं लिहून ठेवलं असन." थोड्या वेळाने म्हणाले, "कोरं पान हाय का त्यात? लिहून टाका. तुमच्यानंतर कोनी येईन त्याले सापडलं पायजे."

शेवटचं पान कोरं होतं. मांडीवर पुस्तक ठेवून मी त्यावर नियम बारा इंग्रजीत लिहिला, परीक्षेत लिहीन त्याहून चांगल्या अक्षरात. लिहिता लिहिता मला राहवलं नाही.

"सहावाही उलटा हाय. पाजनाऱ्यानं पयला कप सोता प्यावा, असं छापलं हाय. सगळ्याईसमोर."

उकंडरावांनी कोटावरचा बिल्ला बाहीने पुसला.

"दौलत म्हनून माहा दोस्त होता," ते म्हणाले. "तुमच्याच लोकाईतला. मी असन तुमच्या उमरीचा. दोघं पुसदच्या बाजाराले पायी गेलतो. हाटेलात मले आत कप देला. त्याले भाईर, करवंटी. त्यानं करवंटी हाती घेतली, माह्याकडे पाह्यलं आन खाली ठेवली. मले समजलं का मीबी ठेवा लागते. पन थंडी होती. म्या पेली. पुरी पेली. गोड होती नं बावा." त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. "येतानी बारा कोस थो काईच बोल्ला नाही. मंग कधीच नाही बोल्ला. गावात समोरासमोर घरं आमचे."

ज्या शंकेला मी वर्षभर पोसलं होतं, तिची मला लाज वाटली.

"पन छापलंच हाय म्हनता तं," ते उठत म्हणाले, "नियम हाय. पाळा लागते."

स्टो पेटवला. पाणी चढलं. कप मात्र गवतात बांधून पेटीत गेले होते, आणि बांधलेले कप डेपोपर्यंत सोडायचे नाहीत, नियम वीस. उकंडरावांनी माझ्या गिलासातल्या पिना आणि चमचा फडक्यावर ओतला, गिलास उकळत्या पाण्याने विसळला आणि किटलीला टोपडं घातलं. घड्याळ काढलं नाही. आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी हललो नाही, बोललो नाही, "झाली का" विचारलं नाही. ती पाच मिनिटं संपली केव्हा, ते मला कळलंही नाही.

त्यांनी गिलास दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ नुसता वास घेतला. मग प्यायले, डोळे मिटून, सावकाश. अर्धा झाला तेव्हा थांबले आणि गिलास माझ्यापुढे धरला.

"साखर कमी हाय," ते म्हणाले. "घे तू."

तू. नियम तीन मोडला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. मी उरलेला चहा प्यायलो. मग त्यांनी पेटीतून माझा दाखला काढला, गाडीच्या टपावर ठेवला आणि शेऱ्याच्या जागी मराठीत, एकेक अक्षर कोरत लिहिलं: 'पाच मिनिटे पक्के.' प्राध्यापकांना त्याचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही, पण सही होती, मी परीक्षेला बसलो.

त्या संध्याकाळी मी गिलास घरी आणला. आईने आत पाहिलं, तळाशी चहाचा डाग होता.

"यात कोन पेलं?"

"आम्ही दोघं. आधी ते, मग मी. साखर कमी हाय म्हणाले."

आई गिलास हातात धरून उभी राहिली. घासायला नेईल असं वाटलं, पण तिने तो तसाच फळीवर, समोर, पितळी भांड्यांच्या ओळीत ठेवला.

"घरी घेऊन ये त्याईले," ती म्हणाली. "साखरीचं मी पाहीन."